परळच्या एका कामगार-वकिलांच्या कार्यालयाची सेवा : निवाड्यानंतरचा हिशेब

नोकरीवरून चुकीने काढलेल्या माणसाला ‘पूर्ववत कामावर घ्यावे, सेवा अखंड धरावी आणि मागील वेतनाचे साठ टक्के द्यावेत’ असे न्यायालयाने सांगितले, की घरात पेढे वाटले जातात. आमच्याकडेही नोव्हेंबर २०१९ मध्ये वाटले गेले. त्या पेढ्यांनंतर पैसे बँकेत जमा व्हायला चार वर्षे आणि चार महिने लागले. या सगळ्या काळात, आणि त्याआधीची जवळजवळ पाच वर्षे, ज्या कार्यालयाने माझे काम पाहिले, त्याच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. कार्यालय लालबाग-परळ भागात, भारतमाता चित्रपटगृहापासून चालत सात-आठ मिनिटांवर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई असल्यामुळे आपले नाव कोठे छापू नये, असे त्यांनीच सांगितले आहे, म्हणून ते देत नाही. माझ्या कंपनीचे नावही देत नाही. आता तिच्याशी माझा वाद उरलेला नाही.

मी मुलुंडजवळच्या एका कारखान्यात स्टोअर्स क्लार्क होतो. ऑगस्ट २०१३ मध्ये बेअरिंगच्या साठ्यात तूट असल्याचा ठपका ठेवून, खातेचौकशीचा देखावा करून मला बडतर्फ करण्यात आले. चौकशीत साठ्याच्या नोंदवहीची प्रत मागितली, ती दिली नाही. सहकाऱ्याला बाजू मांडायला आणू का असे विचारले, त्यालाही नकार मिळाला. त्यानंतर मी ज्या पहिल्या सल्लागाराकडे गेलो, त्याने ‘बघू, साहेबांशी बोलतो’ म्हणत वर्षभर घालवले. परळच्या कार्यालयात पहिल्या दिवशी कळले ते असे की, महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित श्रम प्रथा कायद्याखाली तक्रार करण्याची नव्वद दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. वकीलसाहेबांनी माझे कागद पाहून न रागावता एवढेच म्हटले, की आता औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २-ए ने जाऊ, तेथे तीन वर्षे असतात. आधी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात समेट अधिकाऱ्यापुढे (मालक-कामगारांत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) अर्ज, आणि पंचेचाळीस दिवसांत समेट झाला नाही तर थेट कामगार न्यायालय, हा मार्ग २०१० च्या दुरुस्तीने उघडला आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. आमचा समेट झाला नाही. (नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात ही मुदत तीनऐवजी दोन वर्षांची आहे, माझे सर्व प्रकरण जुन्या कायद्याखालचे आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

न्यायालयातल्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या भागात हे कार्यालय चांगले असले तरी इतर चांगल्या कार्यालयांहून फारसे वेगळे नाही. वांद्रे पूर्वेच्या नवीन प्रशासकीय इमारतीत तारखा पडत राहिल्या. आधी चौकशी न्याय्य होती की नाही एवढ्याच प्रश्नावर निवाड्याचा पहिला भाग झाला आणि तो २०१८ मध्ये माझ्या बाजूने लागला. मग कंपनीला आरोप न्यायालयासमोर नव्याने सिद्ध करण्याची संधी मिळाली, आणि गोदामाची दुसरी किल्ली कोणाकडे असे, या प्रश्नावर तिचा साक्षीदार गप्प बसला. मधे २०१७ मध्ये कंपनीने नोकरी न देता एकरकमी चार लाख देऊ केले होते. त्या वेळी वकीलसाहेबांनी मला ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे काहीच सांगितले नाही. एका कागदाचे दोन भाग करून एका बाजूला ते चार लाख आणि दुसऱ्या बाजूला निवृत्तीपर्यंतची नोकरी, ग्रॅच्युइटी आणि हरण्याचा धोका असे लिहून दिले आणि घरी जाऊन विचार करायला आठ दिवस दिले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

या कार्यालयाचे वेगळेपण मला प्रथम जाणवले ते प्रतिज्ञापत्राच्या वेळी. बडतर्फीनंतर ऑक्टोबर २०१४ पासून मार्च २०१८ पर्यंत मी भांडुपच्या एका स्टेशनरीच्या दुकानात संध्याकाळी हिशेब लिहीत होतो आणि महिना तीन हजार रुपये घेत होतो. पहिल्या सल्लागाराचे म्हणणे होते, की हे कोठेही उच्चारायचे नाही. परळच्या कार्यालयातल्या तरुण वकीलबाईंनी मात्र, ‘काका, हे आपणच आधी लिहायचे,’ असे सांगून दुकानाचे नाव, महिने आणि रक्कम प्रतिज्ञापत्रात घातली. त्यामागची कारणे त्यांनी समजावून सांगितली. चुकीच्या बडतर्फीनंतर सेवेत परत घेताना पूर्ण मागील वेतन देणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात म्हटले, तरी प्रत्यक्षात पंचाहत्तर टक्केच दिले. २०१३ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने काढून टाकलेले मागील वेतन सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केले आणि सांगितले, की मधल्या काळात आपण लाभाच्या नोकरीत नव्हतो किंवा तुटपुंजे कमावत होतो हे कामगाराने आधी मांडावे लागते. त्याने ते मांडले, की ते खोटे आहे हे दाखवण्याचा भार मालकावर जातो. आपण काहीच मांडले नाही तर तो भार जागचा हलत नाही, आणि खोटे मांडले तर उलटतपासणीत एकाच प्रश्नात बाकीची साक्षही ढासळते. माझ्या उलटतपासणीत त्या दुकानाचा प्रश्न आलाच, आणि मी प्रतिज्ञापत्राचा परिच्छेद क्रमांक सांगितला.

मला शंभरऐवजी साठ टक्के मिळाले ते का, असे नातेवाईक विचारतात. निवाड्यात दोन कारणे दिली आहेत : दुकानातली ती कमाई आणि पहिल्या सल्लागाराकडे वाया गेलेले वर्ष. दुसऱ्या कारणाचा मला आजही राग येतो, पण तो राग या कार्यालयावर काढण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा झाली ती निवाड्यानंतर. कंपनीने उच्च न्यायालयात याचिका केली. तेथे कार्यालयाने त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-बी खाली अर्ज करून याचिका चालू असेपर्यंत शेवटच्या पगाराइतकी रक्कम, म्हणजे महिना १४,२०० रुपये, मार्च २०२० पासून मिळवून दिली. टाळेबंदीच्या महिन्यांत त्या पैशांवर घर चालले, आणि केवळ तेवढ्या एका अर्जासाठीही मी या कार्यालयाची शिफारस केली असती. दुकानाची नोकरी तोपर्यंत संपलेली असल्यामुळे बेकारीचे प्रतिज्ञापत्र देण्यात अडचण नव्हती. जून २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली, १ जुलैला मी पुन्हा हजेरीपटावर आलो आणि पंधरा दिवसांत कंपनीने एक पत्र व ६,३९,००० रुपयांचा धनादेश पुढे केला. हिशेब असा होता : १४,२०० रुपये गुणिले ७५ महिने, त्याचे साठ टक्के, पुढचा काळ १७-बी च्या पैशांत मिटला. मला तर तो हिशेब बरोबरच वाटला. पंचवीस वर्षे नोंदवह्या लिहिणाऱ्या माणसाला गुणाकारात चूक सापडेना, कारण चूक गुणाकारात नव्हतीच.

कार्यालयाने धनादेश ‘हक्क राखून’ असे लिहून स्वीकारू दिला नाही, तर परत करायला लावला. यावर त्यांच्याशी माझा वाद झाला आणि आजही मला वाटते, की तो ‘अंशतः मिळाला’ म्हणून घेता आला असता. पण त्यानंतर त्यांनी जो तक्ता तयार केला, तसा मी दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात पाहिलेला नाही. तीन लेजर कागद गोंदाने जोडून तो टेबलावर पसरला होता, एका महिन्याला एक ओळ, आणि वकीलसाहेब स्टीलची पट्टी ओळीखाली धरून एकेक महिना मोठ्याने वाचत होते. टेबलाच्या कडेवरून कागद खाली लोंबत होता, आणि टायपिंग करणाऱ्या बाई तो दुसऱ्या हाताने सावरून धरत होत्या. त्या तक्त्याच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या, ज्या कंपनीच्या पत्रात मुळीच नव्हत्या.

पहिली म्हणजे पगार वाढलेला असतो. सेवा अखंड धरायची म्हटल्यावर मी त्या काळात कामावर असतो तर जो पगार मिळाला असता, तोच आधाराला घ्यायचा. कारखान्यात एप्रिल २०१४, एप्रिल २०१७ आणि एप्रिल २०२० पासून वेतनकरार झाले होते. कंपनीचे म्हणणे, हे करार कामावर असलेल्यांसाठी होते. कार्यालयाने माझ्या जुन्या सहकाऱ्यांकडून करारांच्या प्रती मिळवायला लावल्या आणि पहिल्या पानावरची एक ओळ दाखवली : करार समेट अधिकाऱ्यासमोर झाले होते. अशा कराराने कलम १८ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे कारखान्यातले सगळे कामगार बांधले जातात, सही केलेल्या संघटनेचे सभासद असोत वा नसोत. खासगीत, आपसांत केलेल्या कराराला ते बळ नसते. माझा पगार त्याप्रमाणे १४,२०० वरून १७,४००, मग २१,१०० आणि शेवटी २५,३०० रुपये होत गेला.

दुसरी गोष्ट माझ्या स्वप्नातही आली नसती. साठ टक्क्यांची कात्री निवाड्याच्या तारखेपर्यंतच चालते. निवाड्याने ‘कामावर घ्या’ म्हटले आणि मी दारात उभा राहिलो, त्यानंतर मला आत घेतले नाही तो कंपनीचा निर्णय, आणि त्या महिन्यांचा पगार शंभर टक्के देय. म्हणून तक्त्याचे दोन भाग पडले. सप्टेंबर २०१३ ते नोव्हेंबर २०१९ हे ७५ महिने करारांच्या पगाराने १४,०१,००० रुपये होतात, त्याचे साठ टक्के ८,४०,६००. डिसेंबर २०१९ ते जून २०२२ या ३१ महिन्यांचे पूर्ण वेतन ७,६७,५००, त्यातून १७-बी खाली मिळालेल्या २८ महिन्यांचे ३,९७,६०० वजा केले की ३,६९,९०० उरतात. दोन्ही मिळून १२,१०,५०० रुपये. कंपनीच्या ६,३९,००० शी तुलना केली तर फरक ५,७१,५०० रुपयांचा, म्हणजे धनादेश मी गुपचूप बँकेत भरला असता तर जवळजवळ निम्मी रक्कम कंपनीकडेच राहिली असती, आणि कोणी मला फसवले असे मला कधी वाटलेही नसते.

तक्त्यात काय घातले नाही, हेही सांगायला हवे. रात्रपाळीचा भत्ता, धुलाई भत्ता आणि हजेरी बक्षीस घ्यावे असा मी आग्रह धरला होता. वकीलसाहेबांनी ते साफ नाकारले : जे प्रत्यक्ष हजर राहिल्यावरच मिळते ते मागितले तर सगळ्याच तक्त्यावर शंका घेतली जाते. हा तक्ता जोडून आम्ही कामगार न्यायालयात जो केला, तो कलम ३३-सी(२) चा अर्ज ठरलेल्या हक्काचे पैशांत मोजमाप करण्यासाठी असतो, नवा हक्क मागण्यासाठी नसतो, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले, की आता माझ्या पत्नीलाही ते पाठ झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तक्त्यातली रक्कम जशीच्या तशी मंजूर केली. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होऊ शकते, असे पत्र कार्यालयाकडून गेल्यावर मार्चमध्ये पैसे जमा झाले. निवाड्यात व्याज नव्हते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा रुपया मला दहा वर्षांनंतरचा रुपया म्हणूनच मिळाला. यात कार्यालयाने काही करण्यासारखे होते की नाही, हे मी त्यांना विचारले तेव्हा सुरुवातीच्या मागणीपत्रात व्याज स्पष्टपणे मागायला हवे होते, अशी कबुली त्यांनी दिली. कबुली देणारा वकील मी प्रथमच पाहिला, पण कबुलीने व्याज येत नाही.

आता उणिवा. तक्त्याच्या पहिल्या मसुद्यात ७५ च्या जागी ७७ महिने पडले होते आणि ती चूक माझ्या ध्यानात आली. आली नसती तर समोरच्या वकिलाच्या नक्कीच आली असती. दूरध्वनी दुपारी चारनंतरच उचलला जातो. फीबद्दल मात्र मला तक्रार नाही : पहिल्या सल्लागाराने मिळेल त्या रकमेच्या वीस टक्क्यांची मागणी केली होती, आणि निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलाला मना आहे, हे येथे प्रथम कळले. या कार्यालयाने टप्प्याटप्प्याने ठरावीक रक्कम घेतली, फक्त पावत्या मागून मागून मिळवाव्या लागल्या.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे त्यांनी मला कधीच सांगितले नाही, की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला, त्याचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मागता येते. मला हे २०२३ मध्ये न्यायालयाच्या जिन्यावर लावलेल्या फलकावरून समजले. मी तरीही याच कार्यालयाकडे राहिलो असतो, पण निवड माझी असायला हवी होती.

दुसरी मोठी उणीव प्राप्तिकराची. बारा लाख एकाच वर्षात आल्यामुळे कंपनीने दीड लाखाच्या घरात कर कापून घेतला. ही रक्कम ज्या ज्या वर्षांची आहे त्या त्या वर्षांत मिळाली असे धरून करात सवलत मागता येते. त्यासाठी तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८९ होते आणि विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०-ई ऑनलाइन भरावा लागे. कार्यालयाला हे ठाऊक होते, कारण नंतर विचारल्यावर ‘अहो, ते तर आहेच’ असे उत्तर आले. मला ते सांगितले माझ्या भाच्याने, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आणि कापलेल्या करातला बराचसा भाग परत मिळाला तो त्याच्यामुळे. तक्त्यात प्रत्येक महिन्याची स्वतंत्र ओळ असल्यामुळे वर्षवार विभागणी करायला त्याला अर्धा तास पुरला, हे श्रेय मात्र कार्यालयाचे.

भविष्य निर्वाह निधीचे काम अर्धवट आहे. मागील वेतनावर माझा आणि कंपनीचा असे बारा-बारा टक्के भरले जायला हवेत. हे टक्के ज्या पगारावर मोजतात त्याची मर्यादा ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली, त्यामुळे तक्त्याला जोडून आणखी एक छोटा तक्ता लागतो. तो कार्यालयाने करून दिला, वांद्र्याच्या भविष्य निधी भवनात अर्जही दिला, पण पुढचा पाठपुरावा ‘तुम्हीच करा, तेथे वकिलाची गरज नाही’ असे सांगून माझ्यावर सोपवला. गरज नाही हे खरे. मात्र वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तेथल्या रांगेत उभे राहण्याचा खर्च कोणत्याच तक्त्यात नव्हता. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत कंपनीने वाद घातला नाही, १९९६ पासूनची सगळी वर्षे धरली.

ज्यांना या कार्यालयात जायचे असेल त्यांनी करी रोडला उतरावे; तेथे धिमी गाडीच थांबते. सोबत नेमणूकपत्र, आरोपपत्र, बडतर्फीचा आदेश, जमतील तेवढ्या पगारपावत्या आणि कारखान्यातल्या वेतनकरारांच्या प्रती न्याव्यात, आणि करारांवर समेट अधिकाऱ्याची सही आहे का, ते घरीच पाहून घ्यावे. मधल्या काळात काही कमावले असेल तर त्याचे महिने व रकमा एका कागदावर लिहून न्याव्यात, कारण वकीलबाई पहिला प्रश्न तोच विचारतात. जिना अरुंद आहे आणि दुसऱ्या मजल्यावर बाहेर एकच बाक आहे. माझ्या निधीच्या खात्यात सप्टेंबर २०१३ ची नोंद अजून दिसत नाही; पुढच्या गुरुवारी मी पुन्हा वांद्र्याला जाणार आहे, आणि पिशवीत तोच जोडलेला तक्ता आहे, मधल्या जोडावरचा गोंद सुटल्यामुळे आता सेलोटेप लावलेला.